सडण्यातून टिकलेले पाय

मराठवाड्यात विहीर खोदताना मुरमातून कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल दगड निघतात; त्यांना कुणी डायनासोरची अंडी समजतो, कुणी शेंदूर फासतो. प्रत्यक्षात ते बेसाल्टचे विदारण, म्हणजे हवा-पाण्याने झालेली झीज, असते. जीवाश्म म्हणजे केवळ हाड किंवा शिंपला, हा समजही तितकाच पक्का आहे. स्वीडनच्या सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी चुनखडकातील ॲग्नोस्टस पिसिफॉर्मिस हा संधिपाद (सांधेदार पायांचा) प्राणी तो खोटा ठरवतो.

डोक्याची आणि शेपटीची ढाल जवळजवळ सारखी, मध्ये अवघे दोन खंड, डोळे नाहीत. अशा ढाली पूर्वीपासून ठाऊक होत्या. परंतु क्लाउस म्युलर आणि डीटर वालोसेक यांनी १९८७ मध्ये वर्णन केलेल्या, जेमतेम मिलिमीटरभर पिल्लांच्या ढालींखाली शृंगिका, सांधेदार पाय आणि त्यांवरील केससुद्धा शाबूत होते.

हे घडले ते सडण्यामुळेच. मृतदेह कुजताना जिवाणूंच्या क्रियेने कार्बन डायऑक्साइड आणि सेंद्रिय आम्ले साचून भोवतालचा सामू (पीएच) उतरतो. एरवी कार्बोनेटशी संयोग पावून कॅल्साइट हे चुनखडकाचे खनिज बनवणाऱ्या कॅल्शियमचा तो मार्ग त्यामुळे अडतो आणि फॉस्फेट पुरेसे असल्यास ॲपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटच्या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक बाह्यत्वचेवर बसू लागतात. अर्थात, हे त्वचा विरून जाण्याआधी व्हावे लागते. प्रयोगशाळेत कुजवलेल्या कोळंबीच्या स्नायूंवर असे फॉस्फेट काही आठवड्यांतच चढलेले दिसले आहे, त्यामुळे ‘जीवाश्म बनायला लाखो वर्षे लागतात’ हे ठोकळेबाज विधानही सोडून द्यायला हरकत नाही. पुढे हा प्राणी खडकातून सुटला तोही आम्लामुळेच: सौम्य ॲसेटिक आम्लात चुनखडक विरघळतो, ॲपेटाइट मात्र तग धरते, आणि गाळातून जीवाश्म वेचून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतात.

या पद्धतीला आकाराची मर्यादा आहे. या खडकात सुमारे २ मिलिमीटरपेक्षा मोठे प्राणी असे अखंड मिळत नाहीत, आणि आतील इंद्रियेही सहसा उरत नाहीत. म्हणून ॲग्नोस्टसच्या प्रौढ पायांची माहिती येथून मिळाली नाही, आणि त्याचे कुल ट्रायलोबाइटांचे (नामशेष सागरी संधिपादांचे) की कवचधाऱ्यांच्या (खेकडे-कोळंबीच्या गटाच्या) जवळचे, हा वाद चालू राहिला. कॅनडातील बर्जेस शेल या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध खडकातल्या ॲग्नोस्टिडांचे, म्हणजे ॲग्नोस्टसच्या नातलगांचे, मऊ अवयव तपासून २०१९ मध्ये संशोधकांनी ट्रायलोबाइटांच्या बाजूने कौल दिला.