ओकच्या फळाचे टोक आणि सप्टेंबरमधली खारीची शिकार

‘खार जमिनीत फळे पुरते, पुरलेली जागा विसरते आणि तिच्या विसराळूपणातून जंगल उभे राहते’ असा एक संदेश दर पावसाळ्यात माझ्या फोनवर येतो. तो वाचायला गोड वाटतो, पण त्यात खारीवर अन्याय होतो. खार फळ किती बारकाईने पारखते हे मी अमेरिकेतील ओहायो राज्यात, तिथल्या करड्या खारीची शिकार करणाऱ्या एका स्नेह्यांच्या शेजारी झाडाखाली बसून पाहिले. तिथे या शिकारीचा हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो. एका शिकाऱ्याला दिवसाला जास्तीत जास्त ६ खारी मारता येतात आणि त्यांचे मांस घरी शिजवून खाल्ले जाते. आपल्याकडे शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मी स्वतः बंदूक हाती धरत नाही. मात्र ज्याला प्राणी शोधायचा असतो त्याला त्या प्राण्याचे पोट कसे चालते हे शिकावेच लागते, आणि मला रस होता तो त्या शिकण्यात.

सप्टेंबरच्या आरंभी तिथली झाडे अजून पानांनी गच्च भरलेली असतात. चाळीस-पन्नास फूट उंचीवर पानांच्या दाटीत बसलेली अर्धा किलो वजनाची खार डोळ्यांना दिसणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे या दिवसांतली शिकार कानांनी केली जाते. खार आधी हिकरीच्या झाडांवर जाते. हिकरी हे अक्रोडाच्या कुळातले झाड असून त्याच्या फळाचे कवच दगडासारखे कठीण असते. ते फोडायला खारीला एका जागी बसून काही मिनिटे सतत दात घासावे लागतात, आणि शांत पहाटे ही कुरकुर बऱ्याच अंतरावरून ऐकू येते. कुरतडलेले तुकडे खालच्या पानांवर टपटप पडत राहतात. माझ्या स्नेह्यांनी झाडाखालून मूठभर तुकडे उचलून माझ्या तळहातावर ठेवले. त्यांतले काही तपकिरी आणि कोरडे होते, तर काही हिरवट-पांढरे, ओलसर आणि बोटाला चिकटणारे होते. ओले तुकडे त्याच सकाळचे होते. आम्ही बसलो ते त्याच झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर.

जोराचा वारा असला की ही पद्धत निरुपयोगी ठरते, कारण कुरतडण्याचा आवाज पानांच्या सळसळीत बुडतो. उलट, रात्री पाऊस पडून गेला असेल तर ओल्या पानांवरून पावलांचा आवाज न करता चालता येते. खारीला माणूस दिसला की ती पळून जाण्याऐवजी खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकते आणि माणूस जसजसा फिरेल तसतशी आपले अंग खोडाआड ठेवत फिरते. म्हणून शिकारी जोडीने जातात. एक जण झाडाभोवती हळूहळू चालतो आणि दुसरा स्तब्ध उभा राहतो. खार चालणाऱ्यापासून लपण्याच्या नादात उभ्या असलेल्याच्या समोर येते. तिच्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशींचे दोनच प्रकार असतात, त्यामुळे लाल आणि हिरव्या रंगांतला भेद तिला नीटसा कळत नाही. सुरक्षेसाठी शिकारी जे भडक नारिंगी जाकीट घालतात ते तिला तसे भडक दिसत नाही, पण डोक्याची किंवा हाताची जराशी हालचाल मात्र ती ताबडतोब टिपते.

हे सारे हिकरीपुरते झाले. पुढच्या काही आठवड्यांत ओकची फळे गळू लागतात, आणि मला सर्वांत जास्त भुरळ घालणारी गोष्ट इथे सुरू होते.

त्या जंगलांतले ओक मुख्यतः दोन गटांत मोडतात, पांढरे आणि लाल. पांढऱ्या ओकचे फळ एका हंगामात पिकते, शरद ऋतूत गळते आणि जमिनीवर पडल्यानंतर थोड्याच दिवसांत, थंडी पडण्याआधीच, त्याला मोड येतो. लाल ओकच्या फळाला पिकायला दोन हंगाम लागतात. तेही शरदातच गळते, पण हिवाळाभर थंडी खाल्ल्याशिवाय रुजत नाही, म्हणून त्याला मोड येतो तो वसंतात. गरातही फरक आहे. लाल ओकच्या फळात चरबीचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असते, पांढऱ्याच्या फळात साधारण ५ ते १० टक्के. शिवाय लाल ओकच्या फळात टॅनिन, म्हणजे कडक चहाने जीभ ज्यामुळे आखडते तो तुरट पदार्थ, बरेच जास्त असते.

आता खारीच्या बाजूने हिशेब मांडून पाहू. हिवाळ्यासाठी पुरलेल्या फळाला मोड आला की गरातले अन्न मुळात उतरते, मूळ जमिनीत खोल जाते आणि खारीच्या हाती फारसे काही उरत नाही. कोकणातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. फणसाच्या आठळ्या मातीत घोळून का ठेवतात आणि पिकलेल्या फणसात कधी कधी मोड आलेली आठळी का सापडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला पांढऱ्या ओकची अडचण लगेच कळेल. करडी खार पांढऱ्या ओकचे फळ बहुधा जागीच खाऊन टाकते आणि लाल ओकचे फळ दूर नेऊन पुरते. पांढऱ्या ओकचे फळ साठवायचेच झाले, तर ती आधी त्याच्या टोकदार बाजूला एक-दोन चावे घेऊन आतला अंकुर खरवडून काढते. अंकुर गेला की फळ उगवू शकत नाही, पण गर बराच काळ टिकून राहतो. असे एक फळ मी घरी आणून चाकूने उभे चिरले. टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढा खळगा होता आणि बाकीचा पिवळसर गर शाबूत होता. आठळीला मोड येऊ नये म्हणून तिचा अंकुर कोरून काढावा, तसाच हा प्रकार.

याचे कारण तुरटपणा असेल, किंवा मोठे फळ खायला वेळ लागतो म्हणून ते साठवले जात असेल, अशीही शक्यता होती. पेनसिल्वेनियातील विल्क्स विद्यापीठाचे मायकेल स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात खारींना आकाराने, टॅनिनने आणि रुजण्याच्या वेळेने वेगवेगळी असलेली फळे देऊन या शक्यता एकमेकींपासून वेगळ्या काढल्या. साठवायचे की खायचे याचा निर्णय प्रामुख्याने फळ लवकर रुजून वाया जाणार की नाही यावर ठरतो, असे त्यांना आढळले. आत भुंगेऱ्याची अळी असलेली फळे, म्हणजे आपल्या आंब्याची कोय पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या भाऊबंदांनी बाधित झालेली फळे, खारी अळीसकट जागीच खात आणि निरोगी फळे पुरत. तर्क तोच आहे. जे टिकणार नाही ते आज खावे आणि जे टिकेल ते ठेवावे. पुढे याच गटाने अनुभव नसलेल्या, बंदिवासात वाढलेल्या खारीही अंकुर कुरतडण्याचा प्रयत्न करतात असे दाखवले. या वागण्याचा पाया उपजत असावा असा त्याचा अर्थ होतो.

शिकाऱ्याला यातून काय मिळते? पांढऱ्या ओकवर आलेली खार तिथेच बसून खाते, म्हणून त्या झाडापाशी दबा धरून बसणे फायद्याचे ठरते. लाल ओकखालची खार फळ तोंडात धरून निघून जाते, आणि तिचा नेम धरणे अवघड होते. माझे स्नेही सप्टेंबरच्या अखेरीस पानांच्या आकारावरून झाडे निवडतात. गोलसर कंगोऱ्यांची पाने पांढऱ्या ओकची असतात, तर लाल ओकच्या पानांचे कंगोरे टोकदार असून प्रत्येक टोकाला केसासारखी बारीक अणी असते.

तिकडच्या शिकाऱ्यांत एक समजूत अजून टिकून आहे. सप्टेंबरमध्ये मारलेल्या काही खारींच्या कातडीखाली बॉट माशीची बोटाच्या पेरासारखी जाड अळी सापडते. ती किळसवाणी दिसते हे खरे आहे, आणि त्यामुळे ‘पहिले दव गोठेपर्यंत खार खाऊ नये, मांस विषारी असते’ असे सांगून चांगले मांस फेकून दिले जाते. ही अळी कातडीखालच्या थरातच वाढते, खालच्या स्नायूंत शिरत नाही, आणि पूर्ण वाढ झाली की बाहेर पडून मातीत कोश करते. कातडी काढली की तीही निघून जाते. ही अळी नराचे वृषण खाऊन टाकते अशीही समजूत होती, आणि ती इतकी रुजली होती की १८५६ मध्ये एसा फिच या कीटकशास्त्रज्ञाने या माशीच्या जातीला ‘एमास्क्युलेटर’, म्हणजे नपुंसक करणारी, असे नाव दिले. समज खोटा ठरला, पण नामकरणाच्या नियमांमुळे नाव राहिले. अंधश्रद्धा शास्त्रीय नावातही घर करू शकते, म्हणून हे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते.

लवकर सुरू होणाऱ्या हंगामावर माझा खरा आक्षेप वेगळा आहे. करड्या खारीला वर्षातून दोनदा पिल्ले होऊ शकतात आणि दुसरे वेत जुलै-ऑगस्टमधले असते. त्या पिल्लांना सुमारे अडीच महिने आईची गरज असते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मारलेली मादी दूध पाजणारी असू शकते, आणि पानांच्या दाटीतून ते ओळखता येत नाही. हंगाम महिनाभर पुढे ढकलावा असे मला वाटते. माझ्या स्नेह्यांना ते मान्य नाही.

आता त्या विसराळूपणाकडे परत येऊ. १९९१ मध्ये ल्युशिया जेकब्स आणि एमिली लायमन यांनी प्रिन्स्टनमध्ये करड्या खारींना एकाच आवारात एकेकट्याने फळे पुरायला लावली आणि काही दिवसांनी पुन्हा तिथे सोडले. जवळपासच दुसऱ्या खारींच्या जागीही फळे पुरलेली होती, तरी खारींनी स्वतः पुरलेल्या जागांवरून जास्त फळे काढली. केवळ वासावर काम चालत असते तर हा फरक दिसला नसता. मग वसंतात लाल ओकची जी रोपे उगवतात ती कुठून येतात? काही फळे खरोखरच सापडत नाहीत आणि काही गरजेपेक्षा जास्त असतात. काहींची मालकीण एखाद्या शिकारी पक्ष्याने, कोल्ह्याने किंवा ऑक्टोबरमधल्या एखाद्या शिकाऱ्याने नेलेली असते. तिने दोन-तीन सेंटिमीटर खोल पुरलेली लाल ओकची फळे, टोके न कुरतडलेली, बर्फाखाली थंडी खात पडून राहतात आणि एप्रिलमध्ये रुजतात.