निपाणीचा माल हुबळीहून का यायचा

मामाचं किराणा दुकान निपाणीत. तिथून कोल्हापूर ४० किलोमीटरच्या आसपास, पण साबण-टूथपेस्ट यायची हुबळीहून, चौपट अंतर कापून. लहानपणी मला वाटायचं, कोल्हापूरकरांशी मामाचं भांडण असावं.

मूळ होतं १९५६ सालात. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन निपाणीसकट बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, आणि त्याच वर्षी केंद्रीय विक्रीकर कायदाही झाला. पहिल्या गोष्टीवर आमच्याकडं अजून सभा होतात. दुसरीचं नावही कुणी घेत नाही. दुकानाच्या फळीवर मात्र दुसरीचाच अंमल. परराज्यात माल विकला की हा कर लागे; कंपनीनं स्वतःच्याच गोदामात हलवला तर लागत नसे. म्हणून कंपन्यांनी राज्यागणिक डेपो थाटले.

डेपो राज्याचा, म्हणून आकडेही राज्याचे. खानापूर-निपाणीचा गणपतीतला खप कर्नाटकच्या बेरजेत विरघळून जाई. त्यात कंपनीच्या लेखी विक्री म्हणजे डेपोतून सुटलेला माल, गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडलेला नव्हे. महिनाअखेरीला टार्गेट भरायला सेल्समन मामाच्या गळ्यात बिस्किटांची खोकी मारायचा, तीही विक्रीच! पुढच्या महिन्यात मामा ऑर्डर देत नसे आणि वर कुणाला तरी वाटे, निपाणीत खप पडला.

हा घोळ आमचाच नव्हता. प्रॉक्टर अँड गॅम्बलला अमेरिकेत डायपरच्या बाबतीत हेच दिसलं. बाळं रोजच्या हिशेबानंच डायपर ओली करणार, तरी दुकानदार, ठोक व्यापारी, कारखाना असं वर जावं तसे ऑर्डरींचे हेलकावे वाढत होते. १९९७ साली हाऊ ली या अभ्यासकानं आणि सहकाऱ्यांनी यावर लिहिलं आणि याला दिली जाणारी चाबकाच्या फटकाऱ्याची उपमा रूढ झाली: मुठीपाशी जरासा हिसका, टोकाला तडाखा.

त्यावर उतारा एकच, गल्ल्यावरच मोजायचं. ओहायोतल्या ट्रॉय गावी २६ जून १९७४ ला च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं, तिथून दुकानांतल्या बारकोडची सुरुवात. आमच्याकडं खरी उलथापालथ १ जुलै २०१७ ला जीएसटीनं केली. राज्यागणिक डेपो ठेवण्यातला करफायदा संपला आणि मामाच्या दुकानात बिलासाठी कॉम्प्युटर आला.

आता आकडे गावाचे मिळू लागले, पण यंत्राचं कॅलेंडर इंग्रजी. २०२२ ला गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती; २०२३ ला अधिक श्रावण आला नि ती १९ सप्टेंबरला गेली. नुसतं गेल्या ऑगस्टकडं बघून रवा-गूळ भरणाऱ्याचा माल तीन आठवडे पडून राहणार. मामाच्या वहीत तारखेला महत्त्वच नव्हतं. वही दिवाळीच्या पाडव्याला सुरू व्हायची आणि नोंदी अशा: ‘गणपती, ८ दिवस आधी, रवा ६ पोती’, ‘चिंचलीची मायाक्काची यात्रा, नारळ कमी पडले’.

मामेभावानं आता एक्सेलमध्ये एक रकाना वाढवलाय, ‘गणपतीला उरलेले दिवस’. तो भरायला मामाच लागतो, पंचांग घेऊन.