उच्च रक्तदाब

हृदयातून बाहेर पडणारे रक्त धमन्यांच्या भिंतींवर जो दाब टाकते, तो प्रमाणापेक्षा जास्त होऊन तसाच टिकून राहिला की त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. बोलताना आपण नुसते ‘बीपी’ म्हणतो. हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात आणि दोन आकड्यांत सांगतात. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा वरचा आकडा, ते सैल पडते तेव्हाचा खालचा. वेगवेगळ्या दिवशी दवाखान्यात मोजूनही दाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर निदान पक्के मानतात. दोन्हींपैकी एकच आकडा वाढलेला असला तरी तो उच्च रक्तदाबच. अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांनी २०१७ मध्ये ही रेषा १३०/८० वर आणली. इतर बऱ्याच ठिकाणी १४०/९० हीच रेषा चालते.

‘माझं बीपी वाढलं की मला कळतं’ असे पुष्कळ जण ठामपणे सांगतात. या आजाराबाबतचा सर्वांत घातक गैरसमज हाच. डोके जड होणे, घाम फुटणे, चक्कर येणे यांचा रोजच्या रक्तदाबाशी भरवशाचा संबंध नाही. १७० चा दाब घेऊन माणूस वर्षानुवर्षे ठणठणीत वावरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो असल्याचा पत्ताच नसतो. म्हणून मोजणे हीच या आजाराची ओळख. अठरा वर्षांवरील प्रत्येकाने अधूनमधून आणि चाळिशीनंतर दरवर्षी रक्तदाब मोजून घ्यावा.

दंडाला पट्टा बांधून मोजण्याची पद्धत इटलीतील रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये आणली. पट्ट्यातील हवा सोडताना धमनीतून येणारे ठोके स्टेथोस्कोपने ऐकून दोन्ही आकडे ठरवण्याची रीत रशियन शल्यवैद्य कोरोत्कोव यांनी १९०५ मध्ये दिली. आता घरोघरी बॅटरीवरची यंत्रे आहेत, पण मोजण्याची रीत चुकली तर आकडा चुकतो आणि मग पुढचे सगळेच चुकते. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय न दुमडता जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, बाहीवरून नव्हे. हात टेबलावर असा विसावलेला हवा की पट्टा हृदयाच्या पातळीवर येईल. हात खाली लोंबत राहिला तर आकडा वाढून येतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी तेच होते. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी धरावी आणि वहीत तारखेसह लिहावी. काहींचा दाब फक्त डॉक्टरांसमोर चढतो, तर काहींचा तिथे नेमका सरळ आणि घरी वाढलेला असतो. ही वही दोघांनाही पकडते. घरच्या मोजणीत १३५/८५ ही सीमा समजतात.

दहापैकी नऊ रुग्णांत एक असे कारण सापडत नाही. वय, आनुवंशिकता, वजन, मीठ, मद्य आणि बैठे काम यांचे ते मिश्रण असते. उरलेल्यांत मूत्रपिंडाचे विकार, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीतील संप्रेरकांचा बिघाड, झोपेत श्वास अडकणे अशी कारणे निघतात. वेदनाशामक गोळ्या, स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, नाक मोकळे करणारी औषधे यांनीही दाब चढतो. डॉक्टरांना ‘कोणती औषधे चालू आहेत’ हे सांगताना दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या हमखास सांगायच्या राहतात.

वाढलेल्या दाबाने हृदयाचा डावा कप्पा जाड होत जातो, मूत्रपिंडाच्या गाळण्या निकामी होतात, डोळ्याच्या पडद्यातील रक्तवाहिन्या बिघडतात, मेंदूतील वाहिनी तुंबते किंवा फुटते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ च्या तपासणीत १८६/१०८ होता. दाब खात्रीने उतरवील असे, रोज घेता येणारे औषध तेव्हा नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी डोके भयंकर दुखत असल्याचे सांगून ते कोसळले. त्या वेळी दाब ३००/१९० भरला. मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले. एवढ्या मोठ्या माणसाला जे मिळाले नाही, ते आज कोणत्याही साध्या औषधाच्या दुकानात मिळते.

सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकातील लेखातून जगापुढे मांडले. लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारे क्लोरोथायझाइड १९५८ मध्ये आले. ब्राझीलमधील एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल जन्मले. आज याच घराण्यातील औषधे, वाहिन्या सैल करणाऱ्या अॅम्लोडिपिनसारख्या गोळ्या आणि थायझाइड (क्लोरोथायझाइडच्या जातीची औषधे) हा उपचारांचा कणा आहे. वरचा आकडा नुसता १० ने उतरला तरी हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना साधारण एक-पंचमांशाने घटतात.

उपचार फसतो तो बहुधा औषध कमकुवत असल्याने नव्हे, तर ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून गोळी थांबवल्याने. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे. गोळीमुळे कोरडा खोकला किंवा घोट्यांना सूज आली तर औषध बदलता येते. ते आपल्या मनाने सोडू नये. काही औषधे एकदम बंद केली तर दाब उसळतो. गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच सांगावे, कारण कॅप्टोप्रिलच्या घराण्यातील गोळ्या गर्भाला बाधतात.

गोळीसोबत पथ्यही लागते. दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराच्या आत मीठ. त्यात पाकिटबंद पदार्थांतले मीठही धरायचे. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे. वजन एक किलो उतरले की दाबही साधारण एका अंकाने उतरतो. तंबाखू पूर्ण बंद.

दाब १८०/१२० च्या वर दिसला आणि दुसरा त्रास नसला तर पाच मिनिटे बसून पुन्हा मोजावा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे, एकावर एक गोळ्या घेऊ नयेत. मात्र छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक अंधुक दिसणे, तोंड वाकडे होणे, एका हातातली ताकद जाणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही झाले तर आकडा कितीही असो, तडक रुग्णालय गाठावे. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला हे लक्षात ठेवून सांगावे. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.