खत गाडायचे लोखंड

दसरा उलटला की पिंपळगाव, निफाड, चांदवडकडच्या अवजारांच्या वर्कशॉपमध्ये एक प्रश्न हमखास कानावर येतो: पेरणी यंत्राच्या खताच्या ओळीला फण, म्हणजे मातीत चीर पाडणारे टोक, कोणता बसवायचा? फळीवर नमुने मांडलेले असतात. एक मोगड्याच्या फावड्यासारखा रुंद, एक पुढून बुटासारखा, आणि एक अरुंद, पुढच्या कडेला धार आणि पाठीला नळी वेल्ड केलेली. या तिसऱ्याला कुणी ‘सुरी’ म्हणते, कुणी ‘पाते’. गिऱ्हाईक तीनही उचलून वजन पाहते आणि बहुतेक वेळा सर्वात जाड घेऊन जाते. जाड म्हणजे टिकाऊ, हा हिशेब. पण हे तीन आकार मुळात टिकाऊपणाच्या भांडणातून निघालेले नाहीत. जसे खत बदलत गेले, तसे ते गाडायचे लोखंड बदलत गेले.

आपल्याकडे बी ओळीत सोडण्याची विद्या जुनीच. पाभर किंवा तिफण, वर बी सोडायचे लाकडी चाडे, त्यातून निघणारे नळे आणि खाली फण. चाड्यात मूठ सोडणाऱ्या बाईच्या बोटांवर पिकाची दाटी ठरायची. आंतरपिकाचे बी वेगळे पडावे म्हणून पाभरीच्या मागे दोरीने आणखी एक नळी बांधायची, ती मोघण. म्हणजे ‘एका तासाला (पेरणीच्या ओळीला) दोन वस्तू, दोन नळ्यांतून’ ही कल्पना ट्रॅक्टरच्या कितीतरी आधीची आहे. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल याने 1701 च्या सुमारास पेरणी यंत्र केले त्याचे कौतुक पुस्तकांत होते; गंमत अशी की माती नीट भुसभुशीत केली तर खताची गरजच नाही, असे या टलसाहेबांचे मत होते.

खताला फण नव्हता, कारण लागतच नव्हता. गावखत गाडीने रानात न्यायचे, ढीग घालायचे, विस्कटायचे आणि वखराच्या पाळीने मातीत मिसळायचे. शेणखत जागच्या जागी कुजते, त्याला नेमकी खोली कशाला?

अडचण पोत्यातल्या खतापासून सुरू झाली. इंग्लंडमध्ये 1842 साली जॉन बेनेट लॉझ यांनी सुपर फॉस्फेट या स्फुरद (फॉस्फरस) देणाऱ्या खताचे पेटंट घेतले. आपल्या देशात 1906 मध्ये तमिळ मुलखातल्या राणीपेटला सुपर फॉस्फेटचा कारखाना निघाला. नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, कथा वेगळी. फ्रिट्झ हेबर यांनी 1909 मध्ये हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला, 1913 मध्ये जर्मनीतल्या ओपाऊला त्याचा कारखाना उभा राहिला, आणि आपल्याकडे 1951 मध्ये सिंद्रीचा कारखाना सुरू झाला. हरितक्रांतीनंतर ही पोती बांधापर्यंत पोचली, तरी टाकायची रीत मात्र शेणखताचीच राहिली: हातात घ्या आणि फेका.

आमच्या नाशिकच्या काळ्या मातीत ही रीत महागात पडते. माती बेसॉल्टची, चुनखडीचा अंश असलेली, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी बाजूला. अशा मातीत वरच पडून राहिलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. स्फुरदाचे उलट: ते चुन्याशी बांधले जाते आणि पडल्या जागेवरून फारसे हलत नाही, मुळांनीच त्याच्यापर्यंत जायचे. एक जागेवर राहत नाही, दुसरे जागचे हलत नाही. दोघांनाही मातीआड करणे हाच उपाय.

सुरीसारख्या पात्याचा खरा जन्म मात्र अमेरिकेत, वायूमुळे झाला. निर्जल अमोनियात 82 टक्के नत्र असते, पण तो उणे 33 अंशांनाच उकळतो, म्हणून दाबाखालच्या टाकीतच ठेवावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात स्फोटकांसाठी अमोनियाचे मोठमोठे कारखाने उभे राहिले होते. युद्ध संपल्यावर तो माल शेताकडे वळला. 1940 च्या दशकात मिसिसिपी राज्यातल्या स्टोनव्हिलच्या संशोधन केंद्रात तो थेट जमिनीत सोडण्याचे प्रयोग झाले. वायू फेकता येत नाही. तेव्हा पंधरा-वीस सेंटिमीटर खोल चीर पाडायची, पात्याच्या पाठीवरच्या बारीक नळीतून वायू तळाशी सोडायचा आणि चीर लगेच मिटली पाहिजे. ओल मिळाली की अमोनियाचा अमोनियम होतो आणि चिकणमातीच्या कणांना धरून बसतो. ढेकळे असली, माती फार कोरडी किंवा फार चिकट असली की चीर उघडी राहते, आणि मागे पांढरी वाफ व डोळ्यांत झोंबणारा वास. म्हणून पाते अरुंद. रुंद फणाने चर पडतो, आणि चर मिटत नाही.

ती टाकी आपल्या शेतात आली नाही. दाबाचे टँकर, नळ्या, त्यांची देखभाल आणि दोन-चार एकरांचे तुकडे यांचे गणित जमणारे नव्हते. शिवाय अनुदानामुळे युरियाचे 45 किलोचे पोते 266 रुपये 50 पैशांत मिळते. टाकी आली नाही, पण अरुंद पात्याचा आकार तेवढा आला.

आपल्याकडे दाणेदार खतासाठी दोन पेट्यांचे, एक बियाची आणि एक खताची, पेरणी यंत्र रुळले. म्हणजे पुन्हा मोघणीचीच युक्ती, फक्त लोखंडात. खत बियाच्या पाच सेंटिमीटर बाजूला आणि पाच सेंटिमीटर खाली पडावे, हा त्याचा नेम. का, ते मी घरच्या मक्यावर शिकलो. स्वस्तात जोडून घेतलेल्या यंत्रात बी आणि खत एकाच फणातून, एकाच तासात पडत होते. आठव्या दिवशी उगवण पाहायला गेलो तर ओळीत हातहातभर खंड. उकरले, तर मक्याचा दाणा मोड फुटून तपकिरी पडलेला आणि त्याला चिकटलेले अर्धवट विरघळलेले खत. बियाणे दुबार टाकावे लागले. तेव्हापासून यंत्र घेताना रंगाआधी मी दोन फणांमधले अंतर बोटांनी मोजतो.

इगतपुरीकडे याच प्रश्नाचे उत्तर लोखंडाशिवाय निघाले. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भात पद्धतीत युरिया आणि डीएपी (नत्र व स्फुरद देणारे खत) दाबून केलेल्या गोळ्या म्हणजे ब्रिकेट, एकेक सुमारे 2.7 ग्रॅमची, चार चुडांच्या (रोपांच्या पुंजक्यांच्या) मधोमध चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबतात. तिथे हाताचा अंगठाच फण. द्राक्षबागेत वेलीच्या बाजूने चारी खोदून खत भरायची चाल होतीच, पुढे ठिबक आले आणि विद्राव्य खत पाण्यातूनच जाऊ लागले. बागाईतदाराला सुरीचे काम उरले नाही. ते उरले मका, गहू, सोयाबीन, हरभऱ्याला.

त्यामुळे निवड मातीपाशी येते. निफाडच्या भारी काळ्या रानात वाफशाआधी (माती कामापुरती सुकण्याआधी) घाई केली तर रुंद फण ढेकळे उपसतो, आणि अरुंद पाते चिरेच्या दोन्ही भिंती गिलावा केल्यासारख्या लिंपून टाकते. मुळे त्या भिंतीत शिरायला कुरकुरतात. तिथे पात्यापेक्षा दोन दिवस थांबणे स्वस्त. येवला-सिन्नरकडच्या मुरमाड हलक्या रानात चीर सहज मिटते, पण टोक खडूसारखे झिजते. आमच्याकडचा लोहार त्यासाठी जुन्या ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा कापून फण करतो आणि टोकावर कडक वेल्डिंगचा थर चढवतो. हंगाम संपला की नव्या फणाशेजारी जुना उभा धरून तो फरक दाखवतो: बोटभर. तेवढी खोली कमी झाली की खाली पडायचे खत वर सरकते, बियाच्या पातळीला.