शिरेशेजारचा पांढरा डाग

डोकेदुखीसाठी एमआरआय काढला आणि रिपोर्टमध्ये भलतीच ओळ आली: ‘डेव्हलपमेंटल व्हिनस अ‍ॅनोमली’, म्हणजे डीव्हीए. रुग्ण गुगल उघडतो आणि आणखी घाबरतो. वास्तविक मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या रचनेतला हा सर्वांत जास्त आढळणारा फरक आहे, शंभरात दोन-तीन जणांत असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही.

रचना अशी: बारीक बारीक शिरा चहूबाजूंनी येऊन एकाच जाड शिरेत मिळतात. गॅडोलिनियम (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट द्रव्य) टोचून काढलेल्या चित्रात हे मेड्युसाच्या सर्पकेसांसारखं दिसतं. महत्त्वाचं म्हणजे त्या भागातलं निरोगी मेंदूचं रक्त बाहेर पडायला तेवढीच वाट असते. पूर्वी काही सर्जननी ती शीर काढली, तेव्हा रक्त अडून मेंदूचा तो भाग सुजला, तिथे रक्तस्राव झाला. आता तिला हात लावत नाहीत.

पण काहींच्या चित्रात या शिरांलगत एक पांढुरका डाग दिसतो. ‘फ्लेअर’ या पद्धतीत मेंदूभोवतीचं पाणी काळं केलेलं असतं, त्यामुळे ऊतीत वाढलेलं पाणी उठून दिसतं. एकाच शिरेवर सगळा भार, त्यात ती कुठे अरुंद असली की मागे दाब वाढतो, द्रव झिरपतो, पांढऱ्या द्रव्यातले (मेंदूचे भाग जोडणाऱ्या थरातले) तंतू वर्षानुवर्षं थोडे उपाशी राहतात. वय वाढतं तसे असे डाग जास्त आढळतात. लहान मुलांत मात्र मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण अजून पूर्ण झालेलं नसल्यानेही तो भाग उजळ दिसू शकतो.

खरी पंचाईत परफ्युजन तपासणीत, म्हणजे कुठे किती रक्त आहे हे मोजताना होते. शिरांत रक्त साचलेलं, म्हणून तिथलं रक्ताचं प्रमाण जास्त भरतं, आणि आक्रमक गाठीतही तेच दिसतं! अशा वेळी रेडिओलॉजिस्ट डागाचा आकार पाहतो: तो त्या शिरेच्याच हद्दीत आहे का, शेजारच्या भागाला ढकलतोय का? जवळ काळे ठिपके दिसले तर कॅव्हर्नोमा (पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्यांचा गुच्छ) शोधावा लागतो, कारण तो डीव्हीएच्या सोबतीने बऱ्याचदा असतो आणि रक्तस्राव झालाच तर दोष सहसा त्याचाच असतो. शीर अचानक गोठून बंद पडणं दुर्मीळ, पण तसं झालं तर ती तातडीची गोष्ट.

कॉन्ट्रास्ट न देता काढलेल्या साध्या स्कॅनमध्ये शीर सहज निसटते आणि फक्त डाग उरतो. म्हणून अशा एकट्या डागाची बायोप्सी ठरवण्याआधी कॉन्ट्रास्ट आणि एसडब्ल्यूआय (शिरा आणि जुना रक्तस्राव काळा दाखवणारी एमआरआयची पद्धत) पाहिलेलं बरं.