निकोडेमस: रेल्वे चुकली, गाव उरलं

अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ निकोडेमस ही वस्ती आहे. तिला नगरपालिका नाही, कारभार ग्रॅहॅम काउंटीत चालतो. कायम राहणारी माणसं मोजकीच. पण १८६१-६५ च्या अमेरिकी यादवी युद्धानंतर मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावांपैकी टिकून राहिलेलं हे सर्वांत जुनं.

१८६५ साली गुलामगिरी कायद्यानं संपली, पण जमीन कुणाच्या हाती आली नाही. कालचे गुलाम बटाईनं शेती करत राहिले आणि सावकाराच्या वहीत अडकले. १८७७ मध्ये दक्षिणेतून त्यांच्या हक्कांच्या रक्षणासाठी ठेवलेलं केंद्राचं सैन्य मागे फिरलं, तसा उरलासुरला आधारही सुटला. त्याच वर्षी डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीनविक्रेता आणि कृष्णवर्णीय धर्मोपदेशक डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी निकोडेमस टाउन कंपनी काढली. केंटकी राज्यात पत्रकं वाटली गेली: पाच डॉलर भरा, कॅन्ससला चला. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार पाच वर्षं कसणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळत होती. ज्यांच्या आईबापांची स्वतःचीच विक्री झाली होती, त्यांना या आकड्याची भूल पडली यात नवल ते काय!

सप्टेंबर १८७७ मध्ये केंटकीहून सुमारे ३०० माणसं आली. एलिस स्टेशनपासून पुढचे पन्नासेक किलोमीटर पायी आणि गाडीनं. पत्रकातलं गाव प्रत्यक्षात नव्हतंच. लाकूड नाही, म्हणून जमिनीत खोदलेली भुयारघरं. १८७८ मध्ये आलेल्या विलियाना हिकमन यांनी सांगून ठेवलं आहे की, गाव कुठे असं विचारल्यावर नवऱ्यानं जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं आणि त्यांना रडू कोसळलं. अनेक कुटुंबं परतली. जी राहिली, त्यांच्याकडे जनावरं आणि अवजारं अपुरी होती. त्यांनी कुदळ-फावड्यानं गवताळ माळ फोडला. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी अन्न दिलं, ही आठवण गावातली घराणी आजही सांगतात.

दहा वर्षांत तिथे चर्च, शाळा, हॉटेलं, दुकानं आणि दोन वर्तमानपत्रं होती. गावात स्थायिक झालेले कृष्णवर्णीय एडवर्ड मॅककेब १८८२ मध्ये कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. गुलामगिरी संपून जेमतेम सतरा वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं म्हणजे या निवडणुकीचं मोल कळतं.

मग रेल्वेचं प्रकरण आलं. १८८७ मध्ये मिसूरी पॅसिफिक या रेल्वे कंपनीनं यावं म्हणून गावकऱ्यांनी १६,००० डॉलरच्या रोख्यांना मतदानानं मंजुरी दिली. ती रेल्वे आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिक या दुसऱ्या कंपनीचे रूळ नदीच्या पलीकडून, काही किलोमीटरवरून गेले. व्यापारी दुकानं उचलून रुळाकाठी गेले आणि तिथे बोग हे गाव उभं राहिलं.

निकोडेमसची कहाणी बहुतेकदा इथेच संपवली जाते. मला ते पटत नाही. रेल्वेनं बाजार नेला, शेतं नेली नाहीत. गहू आणि मका पिकवणारी कुटुंबं तिथेच राहिली, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनीही शेती केली. खरा घाव १९३० च्या दशकातल्या मंदीनं आणि धुळीच्या वादळांनी घातला. तरीही १९३९ मध्ये सरकारी रोजगार योजनेतून चुनखडीच्या दगडांचं टाउनशिप हॉल बांधलं गेलं. पोस्ट १९५३ मध्ये बंद झालं, शाळा १९६० मध्ये.

१९७६ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि १९९६ पासून तिथल्या पाच जुन्या इमारती नॅशनल पार्क सर्व्हिस या केंद्र सरकारच्या संस्थेच्या देखरेखीच्या योजनेत आल्या. पण सरकारनं दखल घेण्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव त्याच्या माणसांनी जपलं आहे. मुक्तिदिनाचा उत्सव इथे पहिल्या पिढीपासून होत आला, आणि आता दर जुलैअखेरीस देशभर पांगलेले वंशज त्यासाठी निकोडेमसला जमतात.