गांधीलमाशी वाटली, निघाला पतंग

परवा कोरेगावहून मामींचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, दोडक्याच्या वेलावर बसलेली काळी-पिवळी माशी आणि खाली मेसेज, 'बघ रं, गांधीलमाशी हाय का? पोळं करायच्या आत जाळून टाकते.'

खोटं कशाला बोलू, मलाही आधी तसंच वाटलं. पंख आरपार, पोटावर पट्टे. पण झूम केलं तर कंबरच सापडेना! गांधीलमाशीची कंबर दोऱ्यासारखी बारीक असते, हिचं आपलं छातीपासून पोटापर्यंत सगळं सलग. वरून काढलेल्या फोटोत हे नीट कळत नाही म्हणून म्हटलं मामी, बाजूनं एक काढा. त्यात दिसलं की मिशा टोकाकडे जाड होत गेल्यात, शेपटाशी केसांचा झुबका आहे आणि मागचे पाय तर बाटली धुवायच्या ब्रशसारखे केसाळ. मग शंका मिटली, हा सेसिइडी कुळातला पतंग, क्लिअरविंग मॉथ म्हणतात तो.

पतंग हातात धरला की बोटांना पावडर लागते ना, ते त्याच्या पंखांवरचे खवले. ह्याच्या पंखांवर ते बहुतेक कडेला आणि शिरांवरच असतात, बाकी पंख काचेसारखा. उडतो पण दिवसाढवळ्या. नांगी नाही, डंख नाही, सगळा रुबाब उसना! एकदा गांधीलमाशीचा डंख खाल्लेला पक्षी याच्याही वाटेला जात नाही. अशा सोंगाबद्दल हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकानं 1862 मध्ये ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून लिहिलं होतं, म्हणून याला बेट्सियन मिमिक्री म्हणतात.

आपल्याकडे असा घोटाळा करणारे आणखी दोन पतंग आहेत. अमाटा, काळ्या पंखांवर पारदर्शक खिडक्या असलेला. आणि फुलापुढं हवेतच थांबून रस पिणारा सेफोनोड्स, याच्या पंखांवरचे खवले पहिल्या उड्डाणातच झडतात, अळ्या अनंताच्या झाडावर सापडतील.

मामींचा पतंग नेमका कोणत्या जातीचा ते नुसत्या फोटोवरून सांगणार नाही, त्यासाठी बऱ्याचदा जननेंद्रियं मायक्रोस्कोपखाली बघावी लागतात. केसाळ पाय आणि दोडका बघता याच कुळातल्या मेलिटिया गटातला असावा असा माझा अंदाज, कारण त्यांच्या अळ्या भोपळावर्गीय वेलांचं खोड पोखरतात. म्हणून मामींना म्हटलं, बुडाशी भोक आणि भुसा दिसतोय का बघा.

दहा मिनिटांनी फोटो आला. भोक, भुसा, दोन्ही. खाली मेसेज, 'मग गांधीलमाशीच बरी हुती की रं.'